उद्या कोण येणार नाही

शनिवार, १ जानेवारी १९८३

गिरणी बंद आहे, पण गिरणीच्या नावाची डायरी मात्र वेळेवर छापून आली. साहेबांनी आम्हा ऑफिसवाल्यांना एकेक दिली आणि 'हॅपी न्यू इयर' म्हणाले. हसावं की रडावं कळेना. संपाला या महिन्यात वर्ष होईल. मी टाइम ऑफिसातला कारकून, कामगारांची हजेरी घेणं हे माझं काम. कामगारच नाहीत तर हजेरी कोणाची घेणार? हात नुसते शिवशिवतात. तेव्हा ठरवलं, या डायरीत घरची हजेरी घ्यायची.

आजची हजेरी: सौ. स्वयंपाकघरात. हेरंब माळ्यावर, अभ्यासाला. मी गॅलरीत, भीत बसलेला.

भीतीचं कारण साधं आहे. गिरणी परत सुरू होईल असं आता कोणी छातीठोकपणे सांगत नाही. टाइम ऑफिसात उभा जन्म काढलेल्या माणसाला दुसरीकडे कोण घेणार? त्यामुळे सगळी मदार हेरंबवर. तो बारावीला आहे. दहावीला शाळेत पहिला आला होता. गणित तर असं की सर फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत याचं उत्तर तयार. मार्चमध्ये बारावी आणि मे महिन्यात आय.आय.टी.ची प्रवेशपरीक्षा. देशभरातली हजारो हुशार मुलं बसतात आणि मूठभर घेतात. त्या मुठीत हेरंब असेल का, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात चोवीस तास चालू असतो.

तसा मी अंदाज बांधण्यात कच्चा नाही. उद्या कोण कामावर येणार नाही हे मला आज संध्याकाळी कळतं. ही विद्या कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत. दोन दिवसांसाठी गावी जाणारा माणूस सुटताना गडबड करतो आणि दहा जणांना सांगत सुटतो. आजारी पडणारा सारखा पाणी प्यायला उठतो. आणि जो कायमचा जायचा असतो तो अगदी शांत असतो. कोणाचा कंगवा, कोणाची छत्री घेतली असली तर आठवणीने परत करतो. मग मी जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगायचो, याच्या साच्यावर उद्यापासून बदली उभा कर. जॉबर हसायचा, पण सकाळी बदली कामगार लागायचाच. पंधराशे माणसांचा अंदाज काढणाऱ्याला पोटच्या एका पोराचा काढता येणार नाही?

आज माझ्या मते आशा दहात सात.

रविवार, ९ जानेवारी

दादरला हेरंबच्या क्लासचे धारप सर यांना भेटून आलो. त्यांच्या क्लासमधली मुलं दरवर्षी आय.आय.टी.त जातात, त्यामुळे त्यांच्या जिन्यात आईबापांची ही गर्दी. तासभर उभा राहिल्यावर आत बोलावलं.

"सर, एकच सांगा. माझ्या मुलाला कितपत आशा आहे?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "हेरंब माझ्या बॅचमधला सगळ्यांत बुद्धिमान मुलगा आहे, याबद्दल वाद नाही. पण अण्णासाहेब, एक गोष्ट मला जरा..."

पुढे ते काहीतरी सांगत होते. हल्ली तो एकच उदाहरण तीन-तीन रीतींनी सोडवतो, उत्तर बरोबर आलं तरी खोडून पुन्हा सोडवतो, वेळ संपली तरी कागद सोडत नाही. मला मनातून बरंच वाटलं. कामसू माणूस असाच असतो. आमच्या गिरणीतही चांगला कामगार भोंगा झाल्यावर साचा पुसूनच उठायचा. सगळ्यांत बुद्धिमान! जिना उतरताना वाटेतल्या प्रत्येक बापाला धरून हे सांगावंसं वाटत होतं.

घरी आल्यावर सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आणि 'पण' म्हणाले ते काय?" बायकांना नेमका 'पण' ऐकू येतो.

मंगळवार, १८ जानेवारी

आज वर्ष झालं. आम्हाला मागच्या गेटने आत घेतात. पुढच्या गेटवर संपवाले बसलेले असतात. ऑफिसच्या माणसांना ते दलाल म्हणतात, आणि गेल्या महिन्यात कॅशियरला धक्काबुक्कीही झाली. मी रोज जीव मुठीत धरून लालबागला उतरतो आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आधी रस्ता बघतो.

आज मागच्या गेटलाही माणसं होती. मी डबा छातीशी धरून थांबलो. त्यांच्यातला एकजण सरळ माझ्या अंगावर चालून आला. जवळ आल्यावर ओळखलं, साचेखात्यातला, मागावरचा विठोबा. पंधरा वर्षं मी त्याची हजेरी मांडली आहे. मालवणचा माणूस, चार फळ्या जोडल्यासारखी छाती.

"अण्णानू, घाबरलात काय?" तो म्हणाला. "तुमका कोण हात लावता तां मी बघतंय. झील काय म्हणता? बारावीक मां यंदा?"

मी हो म्हणालो.  त्याने मला स्वतः गेटपर्यंत सोडलं. विठोबा सध्या आमच्या गिरगावातच त्याच्या मेव्हण्याच्या गाडीवर चौपाटीला शहाळी विकतो, असं म्हणाला. त्याचे गाल आत गेले आहेत. मी त्याच्याकडे नीट बघू शकलो नाही.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

हेरंब जेवत नाही. दोन घास खातो आणि उठतो. हात धुवायला गेला की नळ वाहतोच आहे. परवा मी ओरडलो, अख्ख्या चाळीचं पाणी संपवशील! तर दचकून माझ्याकडे बघतच राहिला. नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झाली आहेत. मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की मोठमोठ्या शास्त्रज्ञांना अशा विचित्र सवयी असतात. सौ.ला वाचून दाखवायला ते मासिक शोधलं, मिळालं नाही.

संध्याकाळी चौपाटीवरून येताना विठोबा भेटला. म्हणाला, "तुमच्या झिलाक काल दोपारी बघलंय. पाण्याच्या कडेक एकटोच बसलेलो. हाक मारलंय तर वळान बघूक नाय."

काल दुपारी हेरंब दादरला क्लासमध्ये होता. दुसरा कुणी असेल, म्हटलं.  विठोबा शहाळ्याचं तोंड उडवत राहिला.

भुकेने माणसाला दिसतंही चुकीचं. बिचारा.

शनिवार, १९ फेब्रुवारी

आज फार दिवसांनी मन हलकं झालं. हेरंबला शिस्त लागली!

सकाळी उठून त्याने माळा आवरला. सगळी पुस्तकं विषयवार लावली. धारप सरांची दोन पुस्तकं घेऊन दादरला गेला आणि देऊन आला. खालच्या मजल्यावर कोणाची पट्टी राहिली होती, तीही नेऊन दिली. मित्राचं पेन दिलं. मग सौ.जवळ स्वयंपाकघरात जाऊन बसला, कितीतरी वेळ. ती पोळ्या करत होती. तिला म्हणाला, "आई, तू दमतेस गं." गेले दोन महिने तोंडातून शब्द काढत नव्हता तो पोरगा! चेहराही अगदी शांत. परीक्षेची भीती गेली, तयारी झाली की असंच होतं.

सौ. मात्र रात्रीच्या भाताला कुकर लावायचं विसरली. विचारलं तर म्हणाली, "मला त्याचं काही बरं वाटत नाहीये." मी म्हणालो, "तुला कशातच बरं वाटत नाही. बोलत नव्हता तेव्हा बोलत नाही म्हणून, बोलतोय तर बोलतोय म्हणून."

आज दहात आठ. कदाचित नऊही.

रविवार, २० फेब्रुवारी

काय दिवस गेला! 

हेरंब सकाळी फिरून येतो म्हणून गेला. जेवायची वेळ टळली. सौ. गॅलरीत उभी होती ती आत यायला तयार नाही. मी म्हटलं, येईल, कुणा मित्राकडे बसला असेल. आणि मग जिन्यात पावलं वाजली. विठोबा हेरंबचा हात धरून वर येत होता. दोघंही ओले. हेरंबच्या केसांतून पाणी गळत होतं आणि विठोबा छातीपर्यंत भिजलेला.

"काय झालं?" मी ओरडलो.

विठोबा म्हणाला, "काय नाय. लाट इली. पाय घसारलो. मी होतंय थंय, म्हणान आणलंय."

मी हेरंबला फाडफाड बोललो. परीक्षा तोंडावर आली आहे, सर्दी झाली, ताप आला तर? भरतीच्या वेळी पाण्याजवळ जायचं काय कारण? अक्कल आहे की नाही? तो खाली मान घालून उभा होता. सौ. मध्ये आली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "एक शब्द बोलू नका," म्हणाली. हेरंबला आत नेलं, डोकं पुसलं आणि त्याला कुशीत घेऊन पलंगावर बसली. सतरा वर्षांचा घोडा, लहान मुलासारखा तिला बिलगून बसला होता. संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही.

विठोबाला मी माझा कोरडा पायजमा आणि सदरा दिला. त्याने चहा घेतला नाही. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, "अण्णानू, झिलाक एकट्याक सोडू नका." म्हटलं, आता परीक्षेपर्यंत चौपाटीचं नावही काढू देणार नाही.

पोहता येत नसताना पाण्यात जायचं! नशीब, ताप नाही.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

सौ. आज माहीमला गेली होती, दमयंतीबरोबर. दमयंती म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण, माहीमच्या कोळीवाड्यातली. सौ.ची आणि तिची घट्ट मैत्री आहे. दोघींचं जिन्यात बसून काय काय चालतं.

शितळादेवीला नवस बोलून आली. काय बोललीस विचारलं तर म्हणे, नवस फिटेपर्यंत सांगायचा नसतो. ठीक आहे. सांगायला कशाला हवं? ही एवढी परीक्षा समोर आहे, दुसरं काय असणार! पण मला हसू आवरेना. म्हटलं, "अगं, खातं चुकलं तुझं. परीक्षा, विद्या, हे सगळं गणपतीच्या खात्यात येतं. प्रभादेवीला जायचं होतंस. शितळादेवीकडे मुलांचं दुखणंखुपणं घेऊन जातात. तुझा अर्ज तिथे पडून राहील."

ती म्हणाली, "माझा अर्ज कुठे द्यायचा ते मला कळतं."

आणि नवस फिटेपर्यंत तिने चहा सोडला आहे. सौ.ने चहा सोडला! लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा माझी आठवण आली नसेल एवढी हिला दुपारच्या चहाची येते. डोकं दुखून दुपारभर पडून होती. पण मला भरून आलं. पोराच्या प्रवेशासाठी आई काय काय करते. मी नुसते अंदाज बांधत बसलो आहे.

आता ती हेरंबला एकटा सोडत नाही. माळ्यावर तो अभ्यास करतो, ही खाली शिडीपाशी तांदूळ निवडत बसते. निवडलेलेच तांदूळ परत निवडते.

शनिवार, २ एप्रिल

बारावी झाली. पेपर बरे गेले असावेत, हेरंब सांगत नाही.

आज धारप सर स्वतः घरी आले. मला वाटलं पोराचं कौतुक करायला आले. सौ.ने चहा केला, स्वतःसाठी नाही. सर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "अण्णासाहेब, स्पष्ट बोलतो. हेरंबला यंदा बसवू नका."

मी कप खाली ठेवला. "का? तुम्हीच म्हणालात, सगळ्यांत बुद्धिमान."

"आहेच. बुद्धीचा प्रश्नच नाही. मुलगा दमलाय. परवा क्लासमध्ये पेपर सोडवताना उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी हाक मारली तर मला ओळखायला त्याला वेळ लागला. परीक्षा पुढच्या वर्षीही असते. त्याला एखाद्या डॉक्टरांना दाखवा. विश्रांती द्या."

मी ओळखलं. पुढच्या वर्षी परत यांच्याच क्लासची फी. मी तोंडावर तसं म्हणालो नाही, पण म्हणालो, "सर, पुढच्या वर्षी आमची गिरणी असेल की नाही याची खात्री देता का? मला यंदाच पाहिजे."  सौ. दारातून म्हणाली, "अहो, ऐका जरा त्यांचं." मी म्हटलं, "तू मध्ये बोलू नकोस. तू नवस बोललीस तेवढं पुरे."

सर अर्धा चहा ठेवून गेले. मला राग आला होता. आणि रागाच्या खाली भीती होती, हे इथे लिहायला हरकत नाही. सर म्हणतात तसं असलं तर? पण डॉक्टर कशाला? पोराला दोन हात दोन पाय आहेत, ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरला काय सांगायचं, माझा मुलगा भिंतीकडे बघतो?

आज अंदाज मांडत नाही.

मंगळवार, ३ मे

परीक्षेचा पहिला दिवस. सौ.ने हेरंबच्या हातावर दही घातलं. तो दाराकडे बघत होता, हात उलटा झाला आणि दही सतरंजीवर सांडलं. मी म्हटलं, काही होत नाही, आणखी घाल. त्याला केंद्रावर सोडून बाहेर फुटपाथवर थांबलो. माझ्यासारखेच पन्नासएक बाप. एकाने विचारलं, तुमच्या मुलाला कितपत आशा आहे? मी म्हटलं, चांगली आहे. त्यानेही तेच सांगितलं. सगळेच तसं सांगत होते.

हेरंब बाहेर आला. म्हणाला, "बरा गेला." शर्ट पाठीला चिकटला होता.

बुधवार, ४ मे

आज तो इतरांच्या कितीतरी आधी बाहेर आला! फुटपाथवरचे सगळे बाप माझ्याकडे बघायला लागले. एकजण म्हणालासुद्धा, "पोरगं पोहोचलेलं दिसतंय." मला कॉलर ताठ करावीशी वाटली. "सगळा सोडवलास?" विचारलं. हेरंब म्हणाला, "अण्णा, घरी जाऊ या." त्याला फार ऊन लागलं असावं, वाटेत दोनदा बसला.

घरी सौ.ने काही विचारलं नाही. ताक दिलं आणि झोपवलं. झोपला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

वेळेआधी सगळा पेपर! दहात नऊ. आता फक्त वाट बघायची. 

शुक्रवार, १० जून

बारावीचा निकाल. गणितात कॉलेजात पहिला. गॅलरीभर पेढे वाटले. खालच्या मजल्यावरचे लोकही येऊन गेले. हेरंब थोडासा हसला.

सौ.ने मला बाजूला घेऊन विचारलं, "हे मार्क त्या दुसऱ्या निकालात धरतात का?" मी म्हटलं, नाही, तो निकाल त्या परीक्षेवरच. तिने सुटकेचा श्वास सोडला. मी म्हटलं, "घाबरू नकोस. तोही असाच लागेल." तिचा चेहरा पडला. चहा सोडल्यापासून ती खरंच थकली आहे.

सोमवार, २० जून

नाही.

एकटाच पवईला, आय.आय.टी.त, गेलो होतो. बोर्डावर नंबर लावले आहेत. तीन वेळा वाचले. एका तरुणाला म्हटलं, माझ्या डोळ्यांना दिसत नाही, जरा बघ. त्यानेही बघितलं. हेरंबचा नंबर नाही.

किती वेळ तिथल्या झाडाखाली बसलो होतो कोण जाणे. नंतर बसमध्ये एकच विचार. आता हे घरी कसं सांगायचं? सौ. चार महिने डोकं धरून बसते आहे, तिला काय सांगू? हेरंबला काय सांगू? त्या पोराने जिवाला काही करून घेतलं तर? हा विचार पहिल्यांदाच मनात आला. बसमधून उतरलो आणि वाडीपर्यंत जवळजवळ पळत गेलो.

सौ. दारातच होती. मी म्हटलं, "नाही झालं."

"नक्की?"

"नक्की."

"नीट बघितलंत? सगळीकडे बघितलंत?"

"अगं, तीन वेळा बघितलं. दुसऱ्याला बघायला लावलं. नाही आहे आपला."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, रडू नको म्हणालो, खरं तर मीच रडत होतो. मग ती उठली. आत जाऊन हेरंबला काहीतरी म्हणाली.  आणि मग तिने गॅसवर आधण ठेवलं, आलं ठेचलं. तीन कप चहा केला.

तीन. स्वतःचा कप घेऊन ती खिडकीत बसली आणि फुंकर घालत, डोळे मिटून सगळा प्यायली. मी बघतच राहिलो. बिचारी देवीवर इतकी रागावली की नवसच मोडला.  माझाही देवीवर राग आहे.

रविवार, २६ जून

काल आपण क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. अख्ख्या वाडीत ट्रान्झिस्टर चालू होते. हेरंब खाली मुलांच्यात उभा होता, आणि शेवटची विकेट पडली तेव्हा त्याचा आवाज मला वर ऐकू आला. पोरगा घसा फाडून ओरडत होता. मी विसरूनच गेलो होतो की त्याला एवढा मोठा आवाज आहे. आज नऊ वाजेपर्यंत झोपला, उठल्यावर चार पोळ्या खाल्ल्या. चौपाटीसमोरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गणित घेणार म्हणतो. आय.आय.टी. गेल्याचं त्याला काहीच कसं वाटत नाही, याचं मला वाईट वाटलं.

दुपारी दमयंती आली. पाटी उतरवण्याआधीच मोठ्याने म्हणाली, "काय बाय, पावली ना देवी? मी बोललेली, आमची आई पोरांची हाय!"

दमयंतीला निकाल कोणी उलटा सांगितला कोण जाणे. मी म्हटलं, "अगं दमयंती, कसली पावली? हेरंबला प्रवेश मिळाला नाही."

दमयंती माझ्याकडे बघत राहिली. मग सौ.कडे बघितलं. म्हणाली, "पोर घरान हाय ना अण्णा? मंग अजून काय पायजे?" आणि बांगड्यांचा वाटा लावायला लागली. सौ. वर बघेना.

मंगळवारी दोघी माहीमला जाणार आहेत. दहीभात न्यायचा आहे. नवस मोडल्यावर देवीची क्षमा मागायची असते म्हणून असेल.

मंगळवार, २८ जून

सौ. सकाळी दहीभाताचा डबा घेऊन गेली. हेरंबही तिच्याबरोबर गेला. मी ऑफिसला जायला निघालो तर जिन्यात विठोबा. हातात कागदात बांधलेलं पुडकं.

"मी जातंय अण्णानू. मालवणाक. आता परत नाय येवचंय. गिरण सुरू झाली तरी आमका कोण घेता?"

मी त्याला वर आणलं. तो बसला नाही. पुडकं माझ्या हातात दिलं. आत माझा पायजमा आणि सदरा, धुतलेला, इस्त्री करून चार घड्या घातलेला.

"हे कशाला रे? राहू द्यायचं होतंस."

"नाय अण्णानू. जाताना कोणाचां काय ठेवू नये."

तो अगदी शांत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मनात आलं, हा परत येणार नाही. याच्या साच्यावर उद्यापासून बदली उभा करायला हवा. ते मनात आलं आणि त्यामागून दुसरं आलं. धारप सरांची पुस्तकं. खालच्या मजल्यावरची पट्टी. मित्राचं पेन. आवरलेला माळा. तो शांत चेहरा. मी त्याच संध्याकाळी इथे दहात आठ लिहिलं होतं, कदाचित नऊही.

मी पायजमा हातात धरून उभा होतो. मग खुर्चीवर बसलो.

"विठोबा, त्या दिवशी पाणी किती होतं?"

 विठोबा म्हणाला, "अण्णानू, आता तां कित्याक? झील घरात आसा मां? जपा त्याका." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पंधरा वर्षं मी याची हजेरी घेतली, त्याने माझ्या खांद्यावर हात कधी ठेवला नव्हता. आणि तो गेला. मी त्याचे धड आभारसुद्धा मानले नाहीत.

ऑफिसला गेलो नाही. गॅलरीत उभा राहिलो. सौ. त्या दिवशी अशीच इथे उभी होती. दुपार उलटून गेली आणि दोघं येताना दिसली. हेरंबच्या हातात रिकामा डबा होता, आणि तो काहीतरी सांगत होता. सौ. हसत होती.

जिन्यात त्यांची पावलं वाजली तेव्हा मला धावत जाऊन हेरंबला धरावंसं वाटलं. मी उभाच राहिलो. सौ. आत आली, टेबलावरचा इस्त्रीचा पायजमा बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं की मला कळलंय. तिचं सगळं चार महिन्यांचं मी इथे उलटं लिहीत आलो. तिने काय मागितलं होतं, हे तिला विचारायचं मनात होतं. तुला यंदा तो नापास व्हायला हवा होता का, असं. विचारायचा धीर झाला नाही. ती हो म्हणाली असती, आणि मला तिचे पाय धरावे लागले असते.

"अहो, चहा टाकू का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "टाक."

आजची हजेरी: सौ. स्वयंपाकघरात, चहा घेते आहे. मी गॅलरीत, भीत बसलेला. हेरंब माळ्यावर झोपला आहे, दोनदा शिडी चढून श्वास बघून आलो. हेरंब हजर.